हुबेहूब अप्पांसारखा

२० एप्रिल, रविवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाने शिस्त पाळली नाही तर त्याची दुपार लुंगीत जाते, असं माझं निरीक्षण आहे. (लुंगीतच लिहितोय, पण टेबलाशी बसून.)

सकाळी गावाहून अक्काचा फोन. वेसाकची, म्हणजे बुद्धपौर्णिमा झाली की लगेच केगल्लच्या इस्पितळात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. मोतीबिंदू. एक डोळा पुरता पिकलाय. दुसऱ्याने समोर माणूस आहे की केळीचं झाड, एवढंच कळतं. म्हणाली, मल्ली, भीती वाटते रे. डॉक्टर म्हणतात काही होत नाही, पण डोळा माझाय, डॉक्टरांचा नाही. साठी उलटली तरी मी तिचा मल्लीच, धाकटा भाऊ.

मग तिने मागितलं. अक्का कधी कुणाकडे काही मागत नाही. अप्पा करायचे तसला पांढरा अष्टकोनी कंदील वेसाकला दारात लागलेला एकदा बघायचाय, म्हणाली. ऑपरेशनच्या आधी. न जाणो. अप्पा गेल्यापासून त्या दारात कंदील लागलेला नाही. मी ताबडतोब शब्द दिला. अक्का, हुबेहूब अप्पांसारखा करतो. त्यांच्या हाताखाली शिकलोय मी.

शिकलोय म्हणजे खळीचं भांडं धरायचो. ती म्हणाली, तू तर नुसता उभा असायचास. म्हटलं, कला नजरेतून उतरते, अक्का.

फोन ठेवल्यावर डोळे भरून आले. स्वतःचा इतका अभिमान बऱ्याच दिवसांत वाटला नव्हता.

२२ एप्रिल

प्लॅन पक्का. कोलंबोचं वेसाक यंदा नको. त्या विजेच्या तोरणांत आता मजा नाही, नुसती लुकलुक. यंदा प्रवासी होऊन गावचं वेसाक अनुभवायचं. बसने जायचं, मांडीवर स्वतःच्या हाताने केलेला कंदील. पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे दिवसभर आठ नियम पाळायचं व्रत घ्यायचं आणि त्याचं पुण्य अक्काच्या डोळ्याला द्यायचं. तिला दिवसभर विहारात बसवत नाही.

चंद्राणीला प्लॅन ऐकवला. बायको म्हणून चार कौतुकाचे शब्द अपेक्षित होते. ती म्हणाली, न्हाणीघराची कडी गेल्या वेसाकपासून लोंबतेय, ती आधी लावा.

कडी आणि कंदील यांतला फरक तिला कळत नाही. वाईट वाटलं.

२९ एप्रिल

बांबू आणला. कामट्या काढायच्या म्हणजे बांबू उभा चिरायचा. तो आडवाच फुटतो. बांबू निकृष्ट आहे. पूर्वीचे बांबू राहिले नाहीत.

३ मे, शनिवार

सांगाडा उभा राहिला! बांधायला सुतळी, मध्ये मध्ये चिकटपट्टी. अप्पांकडे चिकटपट्टी नव्हती, असती तर त्यांनीही वापरली असती.

जेवल्यावर कोन मोजले. अष्टकोनाला सातच भरतात. पुन्हा मोजले. सातच.

चंद्राणी दारात उभी राहून म्हणाली, कोंबड्या कधी आणताय? मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामात टवाळी व्हायचीच.

७ मे

सांगाड्यावर कागद चढवून काल खळ लावून ठेवली होती. सकाळी उठून पाहतो तो झुरळांनी खळ खाल्लेली आणि खळीबरोबर कागदही. अप्पा खळीत मोरचूद घालायचे, हे आज आठवलं. म्हणजे ज्ञान डोक्यात आहे. वेळेवर बाहेर येत नाही, इतकंच.

आता वेळ कुठे आहे? उद्या नव्याने सुरुवात. नक्की.

८ मे

अंग दुखत होतं.

सांगाडा स्वयंपाकघरात टांगलाय. चंद्राणीने त्यात कांदे भरलेत. मान्य करतो, कांद्यांना हवा चांगली लागते.

९ मे, शुक्रवार

शांतपणे विचार केला. घर बांधणारा स्वतः विटा रचतो का? तरी घर त्याचंच म्हणतात. अक्काला काय हवंय? पांढरा, आठ कोनांचा, दारात लागलेला कंदील. कामट्या कोणी चिरल्या हा तपशील आहे.

पेट्ट्याच्या बाजारात जाऊन विकत आणला. तारेचा सांगाडा, त्यावर पांढरं चकचकीत प्लास्टिक, कोपऱ्यांत स्टेपलच्या पिना. मिटला की पापडासारखा चपटा होतो, प्रवासाला सोयीचा. विक्रेता म्हणाला, बारीक डिझाइनवाले संपले, हाच उरलाय. मला साधाच हवा होता. अप्पा साधेच होते.

चंद्राणी म्हणाली, अक्काला खरं सांगा, ती काही रागावायची नाही. मी म्हटलं, तिला दिसत तरी कुठे आहे?

मग ती न्हाणीघरात गेली आणि कडी पडल्याचा आवाज आला.

१० मे

बसचा प्रवास. प्रवासी म्हणून डोळे उघडे ठेवणार होतो, पण वरकापोळापर्यंत झोप लागली. रस्त्याला दोन्ही बाजूंनी झेंडे, कंदील, दानशाळांचे मांडव उभे राहतायत. शेजारच्या बाई पांढऱ्या साडीत, मांडीवर निळ्या कमळांची जुडी. माझ्या पिशवीतून तार डोकावत होती. त्यांनी विचारलं, काका, कंदील घरी केलात होय? तोंडातून हो निघून गेलं. त्या हात जोडून साधू साधू म्हणाल्या. हल्ली कोण करतं हो एवढं, म्हणाल्या.

खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही. प्रवासात कोणी फार खोलात जात नाही. सराव मात्र झाला.

अक्का फाटकाशी उभी होती. माझ्या मागून बसमधून उतरलेल्या माणसाला म्हणाली, आलास मल्ली? किती वाळलास! तो बिचारा तिथेच थबकला. मला हसू आलं. मग नाही आलं.

११ मे, रविवार

अक्का दुपारी झोपली, तेवढ्यात कंदील दारात टांगला. उंच, तिचा हात पोचणार नाही इतका. उठल्यावर ती कंदिलाखाली येऊन उभी राहिली. पांढराच ना? पांढराच. आठ कोन? आठ. शेपट्या? म्हटलं, आहेत. (दोन आहेत. अप्पांच्या कंदिलाला प्रत्येक कोनावर असायच्या.) म्हणाली, खाली घे, हात लावून बघते. म्हटलं, नको, खळ ओली आहे.

ती लगेच मागे सरकली. लहानपणी अप्पांच्या ओल्या कंदिलाला हात लावल्याबद्दल तिने मार खाल्लाय. मागे सरकताना ती हसली, अगदी लहान मुलीसारखी.

संध्याकाळी शेजारचा दुकानदार जिनदास आला. कंदिलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, वा साहेब, नाक्यावरच्या बँकेला पण अगदी असलाच लागलाय. तो पण तुम्हीच केला वाटतं? अक्का कौतुकाने म्हणाली, त्याचा हात पूर्वीपासून चांगला आहे. जिनदास म्हणाला, ते दिसतंयच.

माणूस खवचट आहे. त्याच्या दुकानातलं नारळाचं तेलही मला शुद्ध वाटत नाही.

१२ मे, वेसाक पौर्णिमा

सकाळी पांढरे कपडे घालून विहारात. भंतेंच्या मागून सगळ्यांनी अष्टशील घेतलं. अक्का तेवढी पंचशील घेऊन, फुलं वाहून घरी गेली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, आज माझा डोळा तुझ्या हातात आहे हो.

मुसावादाच्या वेळी मला खोकला आला. जोराचा. खोटं न बोलण्याचं वचन सगळ्या विहाराने घेतलं, माझं तेवढं राहिलं. टेक्निकली मी सातच शीलं घेतली. अष्टकोनाला सात कोन, अष्टशीलाला सात शीलं. आपला आकडाच सात दिसतो.

दुपार टळल्यावर खायचं नाही, हा नियम कोणी केला असेल? आणि ज्याने केला त्याच्या गावात दानशाळा नव्हत्या का? विहाराच्या वाटेवरच चार मांडव. भात, उकडलेले हरभरे, बेलफुलांचा काढा, शेवटी आइस्क्रीम. पोरं रस्त्यात आडवी येऊन हात धरून नेतात. नाही म्हटलं तर त्यांचं पुण्य बुडतं. काढा घेतला, त्याला परवानगी आहे. आइस्क्रीमच्या मांडवात थोडा वेळ उभा राहिलो. उन्हात ते वितळतं आणि वितळलं की पेयच होतं. मी वितळेपर्यंत थांबणार होतो. प्रामाणिकपणे सांगतो, थांबणार होतो.

पांढऱ्या कपड्यांवर गुलाबी डाग पडला. शेजारी जिनदास वाढत होता. म्हणाला, साहेब, अजून एक घ्या, डोळ्याला थंड असतं.

संध्याकाळी अक्काचा हात धरून गावातून फिरलो. तिला उजेडाचे नुसते गोळे दिसत होते. पण ती प्रत्येक फाटकाशी थांबायची, हा कोणाचा रे, कसा आहे, काय रंग? मी सांगत होतो. केळीच्या सोपटात पणत्या लावल्या होत्या, बायका भक्तिगीतं म्हणत होत्या, कुठल्याशा घराने कागदाची कमळं केली होती. मला वर्णन चांगलं जमतं. हा तासभर मी खरंच चांगला होतो. हे इथे लिहून ठेवतो.

मग घरी आलो आणि आमचा लावला. आत बल्ब. ती खाली उभी राहून वर बघत राहिली. मोतीबिंदूतून काय दिसलं असेल? एक पांढरा गोळा. तिने हात जोडले. विचारलं, मल्ली, असाच होता ना अप्पांचा? मी म्हटलं, हुबेहूब.

ती रडली. म्हणाली, आता डोळा गेला तरी चालेल.

आत जाऊन पाणी प्यायलो. मी खोटं बोललो. शील घेतलं होतं की खोकला आला होता, याने काही फरक पडत नाही.

१३ मे

उपाय सापडला. ऑपरेशन झालं की तिला स्वच्छ दिसणार. म्हणजे त्याआधी कंदील गायब व्हायला हवा. वाऱ्याने उडाला, पावसाने भिजला, काहीही. तिच्या मनात मात्र अप्पांचाच राहील. यात कोणाचं नुकसान नाही.

संध्याकाळी ती आत असताना स्टूल घेऊन चढलो. तारेला हात घातला तेवढ्यात ती दारात. कोण आहे तिथे? मी म्हटलं, मी आहे अक्का, वारा सुटलाय, घट्ट बांधतोय. म्हणाली, हो रे बाबा, नीट बांध. पट्टी सुटली की पहिला हाच बघणार आहे, डॉक्टरांना सांगितलंय मी तसं.

घट्ट बांधला. दोन गाठी जास्तीच्या मारल्या. दुसरं काय करणार होतो?

जिनदास येऊन म्हणाला, केगल्लला नर्सांचा संप होणार म्हणतात, ऑपरेशनं पुढे जातील बहुतेक. मला आनंद झाला. चेहऱ्यावर दिसलाही असणार, कारण जिनदास माझ्याकडे बघतच राहिला. त्याने पुढे काही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

सख्ख्या बहिणीला दिसू नये, असं मला वाटलं. मघाचं आनंदाचं वाक्य खोडणार होतो, पण खोडत नाही. ते खरं आहे.

१४ मे

संप झाला नाही. ऑपरेशन झालं. नीट झालं.

बाहेर बाकावर बसलो होतो. विहारात तिच्या हाताला बांधलेला पिरिताचा, रक्षणाचा दोरा तिने आत जाताना सोडून माझ्या हाताला बांधला. म्हणाली, तूच जास्त घाबरलेला वाटतोस. बरोबरच होतं, पण कशाला घाबरलोय ते तिला ठाऊक नव्हतं.

चंद्राणीचा फोन. सांगितलंत का? म्हटलं, आज नको, तिला ताण नको द्यायला. उद्या बघू.

१५ मे, गुरुवार

सकाळी पट्टी काढली. अक्काने आधी नर्सकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ. म्हणाली, मल्ली, किती म्हातारा झालास रे! मी इतके दिवस तुला तरुणच समजत होते. आणि खळखळून हसली. सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो.

रिक्षाने घरी आलो. वाटेत तिला जे दिसेल ते ती मोठ्याने सांगत होती. पाट्या वाचत होती. वेसाकला मी तिला दाखवत होतो, आज ती मला.

फाटकात उतरली आणि वर पाहिलं. भर दुपार. उन्हात ते प्लास्टिक बाजारच्या पिशवीसारखं चमकत होतं. एक पीन सुटलेली, बाजू उघडी पडलेली, आतली वायर दिसत होती. शेपट्यांतली एक राहिलेली.

मी वाट बघत होतो. रागावेल, विचारेल, हसेल. उत्तरं तयार होती. हल्ली कागद असलेच मिळतात, हे पण तयार होतं.

ती पायरीवर बसली. मग हळूच म्हणाली, असा होता होय. म्हणाली, तुला म्हणून सांगते, माझ्या मनात अप्पांचा कंदील फार देखणा होता रे. कागदातून उजेड दुधासारखा झिरपायचा. लोक दुसऱ्या गावाहून बघायला यायचे, असंच मला वाटत आलंय. पण तू म्हणतोस हुबेहूब, म्हणजे असाच असणार. लहानपणी डोळे नवे असतात, काहीही सुंदर दिसतं. अप्पा बिचारे. त्यांना तरी कुठे काय जमत होतं!

मी काय म्हटलं? हो म्हटलं. हो अक्का, असाच असायचा.

१६ मे

लोक खरंच यायचे. दुसऱ्या गावाहूनच काय, डोंगरापलीकडून यायचे. अप्पा कामटी ओठांत धरून काम करायचे आणि कागद इतका ताणून बसवायचे की बोट मारलं तर टण वाजायचा. मोठ्या कंदिलाभोवती छोटी पिल्लं, प्रत्येकाच्या कडेला कातरलेल्या झिरमिळ्या. मेणबत्ती लावली की समोरच्या भिंतीवर जाळी पडायची आणि आम्ही दोघं त्या जाळीत हात घालायचो. मी खळीचं भांडं धरून हे सगळं बघितलंय. जगात आता हे आठवणारी दोनच माणसं. त्यातल्या एकाच्या मनातून मी ते काल पुसून टाकलं.

माझी लाज जायची ती जाऊ दे. पण मी अप्पांची घालवली. मेलेल्या माणसाला आपली बाजूही मांडता येत नाही.

अक्का दिवसभर घरातल्या वस्तू नव्याने बघत होती. देवळीतला अप्पांचा फोटो तिने खाली काढून पुसला. बराच वेळ हातात धरून बसली. मग परत ठेवला.

ठरलं. उद्या खरा कंदील करायचा. बघितला की तिला आपोआप कळेल, तोंडाने सांगायची गरज पडणार नाही.

१७ मे, शनिवार

मागच्या बेटातला बांबू तोडला. उभा चिरायला घेतला. कोयता सरळ बोटावर आला.

अक्का धावत आली. जुन्या पातळाची चिंधी फाडून पट्टी बांधली. म्हणाली, खोल नाही, कातडीच गेलीय, दिसतंय मला नीट. मग बांबूकडे बघून म्हणाली, वेसाक झालं की रे, आता कसला कंदील? आणि कोयता असा धरतात का? परवाचा कसा केलास मग?

सांगितलं. पेट्टा, प्लास्टिक, पिना, सगळं. ओली खळ, घट्ट बांधलेल्या गाठी, संपाचा आनंद. तो तर सांगायचा नव्हता, पण निघाला. मान खाली घालूनच बोललो. माफी कशी मागायची ते कालपासून मनात जुळवून ठेवलं होतं. चांगली जुळली होती, सुरुवात आईच्या आठवणीपासून होती.

ती मध्येच म्हणाली, थांब. म्हणजे तो अप्पांसारखा नाही? म्हटलं, नाही अक्का. अजिबात नाही? अजिबात नाही. तिने विचारलं, मग त्यांचा देखणाच होता ना रे? म्हटलं, फार. उजेड दुधासारखा पडायचा? म्हटलं, पडायचा. आणि भिंतीवर जाळी? पडायची अक्का, आपण हात घालायचो.

तिने मोठा श्वास सोडला. म्हणाली, मग झालं तर.

पुढे तिने काही विचारलं नाही. का केलंस, कसं वाटलं, काही नाही. माझी माफी तशीच राहिली. डॉक्टरांनी मला चुलीजवळ जाऊ नको म्हटलंय, तूच भात लाव, म्हणाली. पाणी मोजून घाल, नजरेतून उतरवू नकोस.

मोजून घातलं. तरी गिच्च झाला. ती जेवली.

जेवणानंतर कंदील उतरवायला स्टूल घेतलं तर म्हणाली, राहू दे रे. अप्पांचा नाही म्हटल्यावर मला त्याचा काही त्रास नाही. तुझा म्हणून असू दे.

अजून दारातच आहे. दिवसा फार वाईट दिसतो.